केरबा लोहारांचा परवाना

"केरबा आप्पा, कानस ठेवा खाली. फौजदार मॅडमनी बोलावलंय."

हवालदार मुल्ला सायकलवरून उतरले, पण सायकल त्यांनी सोडली नाही. हँडल हातात धरूनच उभे राहिले. एरवी हा माणूस आधी सायकल आमच्या दुकानाच्या खोक्याला टेकवायचा, मग बाकड्यावर ऐसपैस बसायचा, मग "वहिनी, गार पाणी हाय का?" म्हणायचा आणि त्यानंतर कामाचं बोलायचा. आज उभ्या उभ्या बोलले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

"परवान्याचं काम झालं वाटतं," मी उगाच हसून म्हटलं.

"परवान्याचंबी हाय आनि दुसरंबी हाय," मुल्ला माझ्याकडे न बघता म्हणाले. "मगदूम शेठ लग्नाला सांगलीला गेल्ते. सकाळी त्यांच्या बेदाण्याच्या गोदामाला, मागच्या दाराला टेम्पो लागला. त्यांचाच मानूस, शहाजी. खिशातनं चावी काढतोय तवर शेजारच्या गोदामाच्या राखणदारानं पकडला. चावी कुनी केली इचारलं, तर म्हनतोय, केरबा आप्पांनी."

आप्पांनी कानस फडक्याला पुसली आणि जागेवर ठेवली. "शहाजीनं आनल्याली? केली की. गेल्या बेस्तरवारी."

बेस्तरवार म्हटल्याबरोबर मी मनात दिवस मोजले. सोमवारच्या आधीची चावी असती तर मी मुल्लांना पाणी दिलं असतं, वर चहाही सांगितला असता. पण बेस्तरवार, म्हणजे गुरुवार, सोमवारच्या नंतर येतो, आणि सोमवारी आप्पांनी मला शब्द दिला होता.

हे कळायचं तर आप्पांची एक खोड आधी सांगितली पाहिजे.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. तासगावच्या बाजारात, बेदाण्याच्या आडत दुकानांच्या तोंडाशी आमचा पत्र्याचा खोका होता. आप्पा म्हणजे माझे सासरे, केरबा लोहार. कुलपं दुरुस्त करायची आणि चाव्या करायच्या, हा त्यांचा जन्माचा धंदा. नवरा पुण्याकडे कारखान्यात, तिथली नोकरी आज आहे तर उद्या नाही अशी. त्यामुळे घर चालायचं ते खोक्यावर. मी गिऱ्हाईक सांभाळायची आणि हळूहळू कानसही हातात घेतली होती. आप्पांना ते आवडायचं, पण तसं ते कधी बोलले नाहीत. "वाकडं घासतीस" एवढंच म्हणायचे, आणि पुढची चावी माझ्याकडे सरकवायचे.

तर खोड अशी. कुलपाचा मालक स्वतः समोर असेल तरच आप्पा पुरी चावी करून देत. मालकाचा नोकर, मेहुणा, भाडेकरू, असा दुसराच कुणी नुसती चावी घेऊन आला आणि "हिच्यासारखी एक करा" म्हणाला, तर तीही करून देत, पण शेवटचा एक दात कच्चा ठेवत. म्हणजे त्या दाताजवळची खाच हवी त्याहून केसभर कमी घासायची. चावी दिसायला हुबेहूब, कुलपात जाणारही सरळ, पण फिरणार नाही. माणूस तणतणत परत आला की आप्पा म्हणणार, "मालकाला घिऊन या, न्हाईतर कुलूप घिऊन या. बसवून देतो." जो खरा असेल त्याला एक हेलपाटा पडायचा. जो खोटा असेल तो पुन्हा आमच्या रस्त्यालाही फिरकायचा नाही.

ही रीत त्यांच्या वडिलांची. आणि ती कुणाला सांगायची नाही, हाही वडिलांचाच नेम. "लोकास्नी सांगितलं तर चोरास्नीबी कळंल," असं आप्पांचं म्हणणं. त्यामुळे झालं काय, की सगळ्या बाजाराला एवढंच ठाऊक, केरबाची चावी पहिल्यांदा लागत नाही. लोक आम्हाला तोंडावर हसायचे. अलीकडे तर मालक कुलूप घेऊन समोर बसला तरी आप्पांना एका चावीला तासभर लागायचा. घासायचे, लावून बघायचे, पुन्हा घासायचे. म्हातारपणी माणसाची खोड वाढते, तशी यांची वाढली असं मी धरून चालले होते आणि दातओठ खात होते.

त्या हंगामात बेदाण्याच्या गोदामांत चोऱ्या झाल्या. कुलपं तुटलेली नव्हती, चावीनं उघडलेली होती. झालं, पोलिसांनी हुकूम काढला की गावातल्या प्रत्येक चावीवाल्यानं ठाण्यात नोंद करायची, परवाना घ्यायचा. फोटो द्यायचे, रेशनकार्ड दाखवायचं, बाजारातले दोन दुकानदार जामीन आणायचे. शिवाय हवालदार बाजारात फिरून चौकशी करणार, की याच्या कामाबद्दल कुणाची तक्रार आहे का. परवाना नाही त्याचा खोका उचलणार. बाकीच्या चावीवाल्यांचे परवाने आले आणि त्यांनी ते काचेत घालून टांगलेसुद्धा. आमचं घोडं अडलेलं. एक जामीन भांडीवाले तांबट झाले. दुसरी सही मागायला मी मगदूम शेठकडे गेले, तर ते भर दुकानात म्हणाले, "शालनबाई, तुमच्या सासऱ्याची चावी ज्या दिवशी एका फेरीत लागंल त्या दिवशी सही करतो. माझ्या पुतण्याला हेलपाटे घालाय लावून बेजार केलाय."

दुकानातले हमालही हसले. मी तिथून आले ती फणफणतच. तो सोमवार.

"आप्पा, ही थेरं आता बंद," मी खोक्यात शिरता शिरता सुरू केलं. "लोकांना वाटतंय तुमास्नी काम येत न्हाई. खोका उचलला तर खायाचं काय? तुमच्या वडलांची रीत शिजवून वाढू का ताटात?"

"चोराच्या हातात चावी गेली तर?"

"दुसरे चावीवाले देत्यातच की पुरी! तुमी एकटेच काय गावाची राखण करताय?"

त्यांनी हातातली कानस खाली ठेवली. मग खोक्यात एक लहान ऐरण होती, तिच्यावर त्यांनी तळहात ठेवला. "ह्याफुडं माझ्या हातनं कच्ची चावी जानार न्हाई. सबूद दिला तुला."

लोहारानं ऐरणीवर हात ठेवून दिलेला शब्द म्हणजे काय, हे लोहाराच्या घरात आल्यावर मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. मी खूश झाले. त्या रात्री मी त्यांच्यासाठी मुद्दाम हुलग्याचं माडगं केलं.

आणि आता बेस्तरवारची चावी शहाजीच्या खिशात सापडली होती. गेला आठवडाभर मी मनाशी घोकत होते की देवा, आप्पांना शब्द पाळायची बुद्धी दे. ठाण्याच्या रस्त्याला लागले तशी मी उलटं मागायला लागले. देवा, या म्हाताऱ्यानं मला दिलेला शब्द मोडलेला असू दे. गुपचूप, माझ्या नकळत, जुन्या खोडीप्रमाणे एक दात कच्चा ठेवलेला असू दे.

विचारावं तर मुल्ला बाजूनं सायकल ढकलत चाललेले. "आप्पा, बेस्तरवारची ती..." एवढं म्हणून मी थांबले. पोलिसासमोर काय विचारणार? आप्पाही माझ्याकडे न बघता, खाली रस्त्याकडे बघत जपून पावलं टाकत होते. घाबरलेत, असं मला वाटलं. मला त्यांची दयाही आली आणि रागही आला.

ठाण्यात फौजदार वाघमोडे मॅडम टेबलामागे होत्या. तरुण बाई, नुकतीच बदली होऊन आलेली. आवाज चढवून बोलण्याची सवय नव्हती, त्यामुळे जास्तच भीती वाटायची. टेबलावर गोदामाचं ते भलंमोठं पितळी कुलूप. शेठनी आपल्या चावीनं ते काढून आणलं होतं आणि पुन्हा दाबून बंद करून ठेवलं होतं. शेजारी एक नवी चकचकीत चावी. मगदूम शेठ लग्नातल्या कपड्यांतच, कपाळावर अक्षतेचे दोन दाणे चिकटलेले. आणि भिंतीशी उकिडवा बसलेला शहाजी.

"बसा आप्पा," मॅडम म्हणाल्या. "ही चावी तुम्ही केली?"

आप्पांनी चावी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, अंगठा फिरवला. "व्हय. माझीच."

"कुणी आणली होती?"

"ह्यो शहाजी. शेठनी दुसरी मागितलीया म्हनला. शेठच्यात धा वर्सं झाली त्येला. मी का न्हाई म्हनू?"

शहाजी एकदम उसळला. "मॅडम, ह्यास्नी सगळं ठावं हुतं! आमचं ठरलंतं. चावी करून द्यायची, बेदाण्याच्या पेट्या ह्यास्नी द्यायच्या!"

मला वाटलं आता आप्पा ओरडतील, शपथा घेतील. ते नुसते त्याच्याकडे बघत राहिले. "बेदाना?" ते म्हणाले. "लेका, मला साखरेचा आजार हाय. बेदाना माझ्या घरात येत न्हाई. निदान खोटं बोलताना काजू तरी म्हनायचं."

मुल्लांनी तोंड फिरवलं. मॅडमही क्षणभर टेबलाकडे बघत राहिल्या. पण मग गंभीर झाल्या आणि म्हणाल्या, "आप्पा, सरळ सांगते. हा म्हणतो तुम्ही वाटेकरी आहात. तुमच्याविरुद्ध त्याच्या शब्दाशिवाय दुसरं काही नाही. आणि तुमच्या बाजूनं तुमच्या शब्दाशिवाय दुसरं काही नाही. आता ही चावी या कुलपाला लागते का ते बघते. लागली, तर चोरीसाठी चावी तुम्ही पुरवलीत एवढं तरी धरावं लागेल. मग चौकशी होईल, आणि परवान्याचं नाव काढू नका. नाही लागली, तर हा खोटं बोलतोय. वाट्याचं ठरलेला माणूस न लागणारी चावी कशाला करून देईल?"

"बराबर हाय," आप्पा म्हणाले. एवढंच. दात कच्चा ठेवलाय, असं एक अक्षर त्यांच्या तोंडून निघालं नाही. तेव्हाच मी समजले की संपलं सगळं. यांनी मला दिलेला शब्द पाळला. चावी पुरी आहे.

मॅडमनी चावी उचलली. माझ्या डोळ्यांसमोर काय काय आलं. खोका उचलून नेणारी गाडी, नवऱ्याला करायचा फोन, आणि पोलीस कोठडीत, त्या थंड फरशीवर, गुडघे दुखतात म्हणून पाय लांब करून बसलेले आप्पा. आणि हे सगळं माझ्या हट्टापायी. शेठच्या एका सहीसाठी मी ज्यांना शब्दात बांधलं, त्यांच्या हातात बेड्या पडणार आणि बांधणारी मी शेजारी बसून बघणार. मी पदर तोंडात धरला.

चावी आत गेली. सरळ, न अडखळता. आत गेल्याचा तो ओळखीचा आवाज मी ऐकला आणि डोळे मिटले.

मग काहीच ऐकू आलं नाही.

डोळे उघडले तर मॅडम चावी फिरवतायत आणि चावी फिरत नाही. त्यांनी काढून पुन्हा घातली. पुन्हा तेच. "मुल्ला, तुम्ही बघा." मुल्लांचा पंजा म्हणजे भाकरीएवढा. त्यांनी असा जोर लावला की कुलूपच टेबलावर गरागरा फिरलं, पण चावी जागची हलली नाही. "मॅडम, आता मोडंल," ते म्हणाले. मग शेठ पुढे आले, आपलंच कुलूप म्हणून. त्यांनी हलक्या हातानं, मग तेल घालून, मग शिव्या देऊन बघितलं.

"लागत न्हाई," शेठ म्हणाले.

भिंतीशी बसलेला शहाजी अर्धवट उठला. "कच्ची दिली व्हय मला?" तो आप्पांवर ओरडला. "म्हाताऱ्या, मी इस्वासानं आलोतो तुझ्याकडं!"

चोराचा विश्वासघात झाला म्हणून चोर ओरडतोय हे बघून मुल्ला खो खो हसले. "गप बस खाली," त्यांनी त्याला दाबला. "वाटेकऱ्यानं फशिवलं व्हय रं तुला?"

माझ्या अंगात एकदम कुठून बळ आलं देव जाणे. मी उभीच राहिले. "मॅडम, ह्यांची ही रीत हाय! मालक सोडून दुसरं कुनी चावी घेऊन आलं की एक दात कच्चा ठेवत्यात. मालकाला घेऊन या म्हनत्यात, मगच पुरी करत्यात. ह्यांचे वडील तसंच करायचे. लोकांना वाटतं काम येत न्हाई. सगळा बाजार हसतो, तरी सांगत न्हाईत कुनाला!" मी जे बोलत सुटले ते थांबेना. आदल्या सोमवारी ज्या खोडीला मी थेरं म्हणाले होते, तिचंच असं गुणगान केलं की ऐकणाऱ्याला वाटावं मीच ती शोधून काढली.

शेठनी कपाळावर हात मारला, तशी ती अक्षत खाली पडली. "आरं तिच्या! म्हंजे माझ्या पुतण्याला माघारी धाडायचा ते ह्यासाठी? ते पोरगं तिजोरीची चावी मला न सांगता करून घ्यायला बघत होतं की काय मग?" ते बोटांवर काहीतरी हिशेब जुळवू लागले. घरी गेल्यावर पुतण्याचं काय झालं ते मला माहीत नाही.

मॅडम आप्पांकडे वळल्या. "खरं आहे का हे, आप्पा?"

"आमच्या वडलापास्नं तशी रीत हाय," आप्पा म्हणाले. चावी पुन्हा त्यांच्या हातात आली होती आणि ते तिच्यावरून अंगठा फिरवत होते, जिभेनं दुखरी दाढ चाचपावी तसा पुन्हा पुन्हा.

"रीत चांगली असेल, पण अशी नको," मॅडम म्हणाल्या. "आजपासून मालक समोर नसेल तर चावी करायचीच नाही. ना कच्ची, ना पक्की. परवान्यावर तशी अटच आहे. गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं. गुपित ठेवायची गरज नाही, चोराला कळलं तर बरंच आहे. कबूल?"

"कबूल."

"जामीन किती झाले?"

"एकच हाय," मी म्हटलं, आणि शेठकडे बघितलं. मुद्दाम बघितलं. शेठनी खिशातून पेन काढलं, उजवीकडून डावीकडून झाडलं आणि सही केली. "शालनबाई, मी परवा बोललो ते मनावर घेऊ नका," ते म्हणाले. मी घेतलेलं होतं, चांगलंच घेतलेलं होतं, पण त्या क्षणी मी शेठलाही माडगं करून वाढलं असतं.

परवान्यावर शिक्का बसला तो आवाज मला आजही आवडतो. शिक्का मारायचा असा, की टेबल हललं पाहिजे.

बाहेर आलो तर ऊन मस्त पडलेलं. मला रस्त्यात नाचावंसं वाटत होतं. परवाना मी छातीशी धरला होता. आप्पा मागून हळूहळू येत होते, आणि माझी टकळी चालू.

"काय पन मानूस हाय! मॅडमच्या तोंडासमोर गप्प! मी तिथं मेले निम्मी, आप्पा. मला वाटलं, पाळला ह्यांनी शब्द, आता चला तुरुंगात. ऐरणीवर हात ठेवून शब्द देता आनि मोडता! पन बरं केलंत. लई बरं केलंत. सून काय, बडबडनारच. तिचं ऐकायचं नसतं. मी आयुष्यात पुन्यांदा तुमच्याकडनं शब्द म्हनून घेणार न्हाई, बघा."

चालता चालता माझ्या लक्षात आलं की मागे पावलं वाजत नाहीत. वळून बघितलं तर आप्पा रसाच्या गुऱ्हाळापाशी, कठड्याला धरून उभे होते. दमले असतील म्हणून मी परत गेले.

"शालन," ते म्हणाले, "सबूद मोडला न्हाई मी."

"म्हंजे?"

"ती चावी मी पुरी केल्ती."

मी हसले. मला थट्टाच वाटली. "लागली न्हाई ती कुलपाला. मुल्लांनी कुलूप गरागरा फिरवलं तरी लागली न्हाई."

"त्येच की. मी पुरी केल्ती. सगळे दात धरून, अंगठ्यानं बघून. शेठची चावी, म्हनलं एका फेरीत लागली पायजे. सही मिळंल तुला." ते थांबले. "आत्ता ठाण्यात लागली न्हाई, तवा पुन्यांदा अंगठा फिरवून बघितली. शेवटचा न्हवं, तिसरा दात केसभर ऱ्हायलाय. मला दिसलाच न्हाई गं. दिसत न्हाई मला."

"किती दिसत न्हाई?"

"तू हायस हे दिसतंय. नाक डोळं दिसत न्हाईत."

उसाच्या चरकाची घुंगरं वाजत होती आणि मी तोंड उघडं टाकून उभी होते. मालक समोर बसला तरी तासभर घासणारे आप्पा मला दिसले. मला वाटायचं म्हातारा मुद्दाम ताणतोय. "वाकडं घासतीस" म्हणत पुढची चावी माझ्याकडे सरकवणारे आप्पा दिसले. ठाण्याच्या रस्त्यात खाली बघत, चाचपत चालणारे आप्पा दिसले, आणि त्यांना मी घाबरलेले समजले होते.

"कधीपासनं?"

"झालं की. वरीस."

"आनि बोलला न्हाईत?"

"बोललो असतो तर चावीवाला म्हनून परवाना कोन देनार हुतं? आनि बोलून तू काय करनार हुतीस? रडली असतीस."

"मग मॅडमसमोर तरी सांगायचं!"

"तू कुटं बोलू दिलंस?" आप्पा म्हणाले. "उभी ऱ्हाऊन भाषाण करत हुतीस."

मला हसू फुटलं. ते रडण्यासारखं निघालं, म्हणून गुऱ्हाळवाल्यानं चरक थांबवून बघितलं. खरंच मला कळेना मी हसते आहे की रडते आहे. माझ्या म्हणण्याखातर या माणसानं वडिलांची, उभ्या जन्माची रीत सोडली होती. एकदाच सोडली, तीही माझ्यासाठी, आणि नेमक्या त्या वेळी त्यांचे डोळे आड आले आणि आम्ही वाचलो. त्यांना दिसत असतं, तर आज ते कोठडीत असते.

"मी माघारी जाऊन सांगू का मॅडमला?" आप्पा म्हणाले. "परवाना खोटा हुईल का गं ह्यो?"

"काय सांगणार? चोराला पुरी चावी द्यायची हुती पन जमली न्हाई, असं?" मी डोळे पुसले. "परवान्यात मालक समोर असल्याशिवाय चावी करायची न्हाई असं लिवलंय. डोळ्यांचं कायबी लिवलेलं न्हाई. उद्या मिरजेला जायचं. मोतीबिंदू असंल तर काढून टाकतील. साखरेनं झालं असंल तर तेबी बघतील. तवर तुम्ही सांगा आनि मी घासते."

"वाकडं घासतीस."

"दिसतंय का तुमास्नी?"

"आवाज येतोय की," आप्पा म्हणाले, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसले. मग पुन्हा गंभीर झाले. "येवढंच हाय, शालन. तू सगळ्या रस्त्यानं सबूद मोडला, सबूद मोडला म्हनत आलीस. दुसरं कुनी म्हनलं असतं तर सोडून दिलं असतं. तुला दिला हुता म्हनून सांगितलं."

मी परवाना कमरेला खोचला.

पुढं स्टँडचा मोठा रस्ता ओलांडायचा होता. हंगाम चालू, बेदाण्याचे ट्रॅक्टर एकामागून एक येत होते. आप्पा कडेला येऊन उभे राहिले आणि नेहमीसारखे वाट बघू लागले, आधी उजवीकडे मान, मग डावीकडे. वर्षभर ते नुसत्या आवाजावर चालत होते, हे मला तेव्हा कळलं. आमच्यात सून सासऱ्याच्या हाताला शिवत नाही, भर बाजारात तर नाहीच नाही. समोर हॉटेलात ओळखीची माणसं बसली होती. मी पदर नीट केला आणि हात पुढे धरला.

आप्पांनी चाचपून माझं मनगट पकडलं.

"गेला का ट्रॅक्टर?" त्यांनी विचारलं.

"गेला," मी म्हटलं. "चला."